आधी चालायला शिकू द्या

"ताई, गाणं कधी बसवणार?"

मुलीला वर्गात येऊन सव्वा महिना झाला होता आणि तिची आई दारात उभी राहून विचारत होती. विचारण्यात खोट काही नव्हती. नवरा रायपूरच्या उरल्याच्या कारखान्यात पाळीवर जातो, ही घरी ब्लाउज शिवते, आणि त्यातून महिना सहाशे रुपये बाजूला काढून लेकीला नाच शिकायला पाठवते. सव्वा महिन्यानंतर लेक घरी काय दाखवते, तर पाय आपटते. शेजारची मुलगी पंधरा दिवसांत अख्खं गाणं नाचून दाखवते. आईच्या जिवाला लागणारच.

मी तिला आत बोलावलं, सतरंजीवर बसवलं आणि म्हटलं, पंधरा मिनिटं नुसतं बघा.

नऊ मुली, दोन रांगा. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. उजवा, डावा, उजवा, डावा. मग डावा, उजवा, डावा, उजवा. तत् ला डावा पाय पडला की आ ला पुन्हा डावाच येतो, आणि नवी मुलगी तिथे हमखास चुकते. चुकली की शेजारणीच्या पायांकडे बघते, बघितलं की मान खाली जाते, मान खाली गेली की पाठ वाकते, आणि पाठ वाकली की पायाचा आवाज बसका होतो. मी डोळे मिटून ऐकते. पूर्ण तळवा एकदम पडला तर आवाज टाळीसारखा येतो. आधी टाच मग चवडा असा पडला तर दोन आवाज येतात, अगदी जवळजवळ, पण दोन. त्या दिवशी डोळे मिटूनच मी म्हटलं, "दुसरी रांग, कडेची, टाच आधी पडतेय." ती कडेची म्हणजे हिचीच लेक. तिने पाय सुधारला. पुढच्या आवर्तनाला नऊ मुलींचा एक आवाज आला. आई सतरंजीवर ताठ बसली. तिला ते ऐकू आलं होतं.

पंधरा मिनिटांत तिला एवढंच दाखवता आलं. उरलेलं लिहिते आहे, कारण हाच प्रश्न मला गेली चौतीस वर्षं या ना त्या तोंडून ऐकू येतो, आणि तो विचारणाऱ्या आईपेक्षा तिला तो विचारायला लावणाऱ्या रीतीशी माझं भांडण आहे.

मी पाहिलेली पहिली नाचाची शिक्षिका कथक शिकवणारी नव्हती. वडील रेल्वेत, बिलासपूरला. तेव्हा तिथल्या रेल्वे कॉलनीत अँग्लो-इंडियन कुटुंबं पुष्कळ होती; ड्रायव्हर, गार्ड, शाळेतल्या टीचर. रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलला लाकडी जमीन होती. पावसाळा सरला की तिथे संध्याकाळी एक वयस्क बाई नाताळच्या डान्ससाठी मुलामुलींना वॉल्ट्झ आणि फॉक्सट्रॉट शिकवायच्या. सगळे त्यांना आंटी म्हणत. मी आठ वर्षांची, खिडकीच्या गजाला नाक लावून उभी.

मला आठवतो तो त्यांचा पहिला महिना. ग्रामोफोन कोपऱ्यात बंद. जोड्या नाहीत. पंधरा-सोळा वर्षांची ती पोरं हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती चालायची. पुढे चालायचं, मग मागे चालायचं. मागे जाताना पाऊल मांडीपासून सोडायचं, आधी बोटं टेकवायची, वजन शेवटी न्यायचं. आंटी त्यांच्यामागून चालायच्या आणि दोन खांद्यांच्या मधोमध तळहात ठेवायच्या. दाबायच्या नाहीत, नुसता ठेवायच्या. एका मुलाला त्या म्हणाल्या होत्या की उद्या जोडीदारणीचा पाय तुडवलास तर चूक तुझ्या पायाची नसेल, पाठीची असेल. कारण जोडीदाराला दिशा कळते ती तुझ्या अंगावरून, हाताने ओढून नव्हे. महिना संपताना त्यांनी ग्रामोफोनची किल्ली फिरवली. पोरं जोडीने उभी राहिली, आणि हॉलभर फिरताना कुणी कुणाला धडकलं नाही.

दिवसभर शाळेत शिकवून संध्याकाळी पुन्हा दोन तास त्या उभ्या असायच्या. कार्यक्रमाच्या रात्री मात्र भिंतीशी खुर्ची टाकून बसलेल्या दिसल्या. नाचणारी पोरं वेगळी, टाळ्या त्यांना. आंटींचं काम नाताळच्या आधीच होऊन गेलेलं असायचं.

पुढे वडिलांची नागपूरला बदली झाली आणि मी कथकला बसले. माझ्या बाईंनी दहा महिने तत्काराशिवाय, म्हणजे ता थेई थेई तत् च्या पावलांशिवाय, काही शिकवलं नाही. ठाय, दुगुण, चौगुण, पुन्हा ठाय. तोंडाने पढंत, हाताने ताल. मला राग यायचा, आणि रागात मला बिलासपूरची खिडकी आठवायची. जोडीचा विलायती नाच आणि आपलं कथक यांत मेळ कुठे? पण दोन्हीकडच्या बाई आधी चालायलाच शिकवत होत्या.

मराठी माणसाला कथक म्हटलं की रोहिणीताई भाटे आठवतात. १४ नोव्हेंबर १९२४ ला पाटण्यात जन्म, शिक्षण पुण्यात, १९४६ ला फर्ग्युसनची पदवी, आणि लगेच पुढच्या वर्षी, १९४७ मध्ये, त्यांनी 'नृत्यभारती' सुरू केली. मध्यमवर्गीय घरातल्या मुलीने पायात घुंगरू बांधणं हेच जिथे लोकांना पचत नव्हतं, तिथे तिने ते शिकवण्याचा वर्ग काढावा, याला काय धाडस लागलं असेल! पण मला धाडसापेक्षा त्यांची एक गोष्ट मोठी वाटते. वर्ग काढला म्हणून त्यांचं शिकणं थांबलं नाही. लच्छू महाराजांकडे त्या बारा वर्षं शिकल्या, मोहनराव कल्याणपूरकरांकडे पंधरा. गाणं केशवराव भोळे आणि वसंतराव देशपांड्यांकडे. म्हणजे सकाळी शिष्या आणि संध्याकाळी गुरू, असं दशकानुदशकं. त्यातून 'माझी नृत्यसाधना' आणि 'लहजा' ही पुस्तकं आली, इसाडोरा डंकनच्या आत्मचरित्राचं मराठी रूप 'मी इसाडोरा' आलं. १० ऑक्टोबर २००८ ला त्या गेल्या. साठ वर्षांहून अधिक काळ एकच काम.

आम्हा छत्तीसगडच्या मंडळींचं त्यांच्याशी एक नातं आहे, ते पुण्यात फारसं बोललं जात नाही. राजनांदगावच्या पुढे खैरागड आहे. तिथल्या राजाराणीने आपल्या दिवंगत मुलीच्या, इंदिरेच्या, नावाने राजवाडा देऊन टाकला आणि १९५६ मध्ये तिथे संगीत-कलेचं विद्यापीठ उभं राहिलं. पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर तिथे कुलगुरू होते. या विद्यापीठाच्या कथकचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीत रोहिणीताई होत्या. पुढे पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रातल्या कथकच्या अभ्यासक्रमाची आखणीही त्यांनी केली. अभ्यासक्रम ठरवणं हे काही टाळ्यांचं काम नाही. कोणत्या वर्षी काय, किती, कशानंतर काय, हे कागदावर मांडायचं. रंगमंचावर तळपणारी बाई असं काम आपणहून करते तेव्हा शिकवणं तिला नाचाइतकंच मोलाचं वाटतं, असं मी समजते.

दुसरा धागा रायगढचा. आपला किल्ले रायगड नव्हे. छत्तीसगडच्या पूर्वेला, ओडिशाच्या सीमेजवळचं संस्थान. राजा चक्रधर सिंह तिथले. १९०५ मध्ये गणेश चतुर्थीला जन्मले, म्हणून आजही त्यांच्या नावाचा समारोह रायगढला गणपतीत होतो. स्वतः तबला आणि पखवाज वाजवायचे, नाचाच्या बोलांवर त्यांनी 'नर्तन सर्वस्व'सारखे ग्रंथ सिद्ध केले. दलबादल, चमकबिजली अशी त्यांच्या परनांची, म्हणजे पखवाजाच्या बोलरचनांची, नावं, आणि पढंत केली तर खरंच ढग गडगडल्यासारखे बोल.

पण मी त्यांना मानते ते वेगळ्या कारणासाठी. इकडे गावोगावी गम्मत होते. नाचा-गम्मत, आपल्या तमाशाच्या जवळची, रात्रभर चालणारी. त्यात मुलीच्या वेशात नाचणारी लहान पोरं असायची. राजाने त्यांतली काही पोरं हेरली. कार्तिकराम, कल्याणदास, फिरतूदास, बर्मनलाल. गरीब घरची, खालच्या मानलेल्या जातींतली. त्यांना दरबारात आणलं, राहायला जागा दिली, खायला दिलं, आणि शिकवायला कुणाला बोलावलं, तर जयपूरचे जयलाल महाराज आणि लखनौचे अच्छन महाराज, शंभू महाराज, लच्छू महाराज. दोन्ही घराण्यांचं पाणी एका तळ्यात आलं आणि त्यालाच पुढे रायगढ घराणं म्हणू लागले. हेच लच्छू महाराज मग मुंबईत गेले, चित्रपटांचे नाच बसवले, आणि पुण्याच्या रोहिणीताईंचे गुरू झाले. रायगढच्या राजाने १९४७ मध्येच देह ठेवला, आणि पुण्याची 'नृत्यभारती' निघाली तीही त्याच साली. गुरूला पोसणारा राजा गेला, आणि इकडे फी घेऊन शिकवणाऱ्या बाईचा वर्ग सुरू झाला. आम्ही सगळ्या शिक्षिका त्या दुसऱ्या वाटेवरच्या.

राजाने त्या पोरांना सगळ्यात महाग कोणती गोष्ट दिली असेल, तर वेळ. उद्या दरबारात काय दाखवशील, हे विचारायची घाई त्याने केली नसणार. केली असती तर गम्मतीतली पोरं गम्मतीतच राहिली असती. कार्तिकराम मोठे नर्तक झाले, संगीत नाटक अकादमीचे मानकरी झाले. त्यांचे चिरंजीव रामलाल बरेठ लहानपणापासून त्याच तालमीत वाढले. बापलेकांनी पुढे भोपाळच्या चक्रधर नृत्य केंद्रात शिकवलं. २०२४ मध्ये रामलालजींना पद्मश्री मिळाली, नव्वदीकडे झुकलेल्या वयात. बातमी वाचली तेव्हा मी वर्गातल्या मुलींना ती वाचून दाखवली आणि सांगितलं की हे बिलासपूरचे आहेत, इथून तीन तासांवर. छाती भरून आली माझी. पण गुरूची ओळख पटायला आपल्याला एवढी वर्षं लागतात, हेही त्याच बातमीत होतं.

आता आजचं सांगते. काही वर्षांपूर्वी एका शाळेने मला गॅदरिंगसाठी बोलावलं. साठ मुलं, सहा गाणी, अठरा दिवस. मानधन गाण्यामागे ठरलेलं. तासांचा हिशेब नाही, मुलांचा नाही. जागा कुठली, तर सायकल स्टँडसमोरचं सिमेंटचं अंगण, आणि पायात शाळेचे बूट. अठराव्या दिवशी साठ मुलं व्यासपीठावर हात हलवून आली. टाळ्या पडल्या, मोबाईल वर झाले. त्या साठांतल्या एकालाही मी काही शिकवलं नाही. शिकवायला वेळच नव्हता. पाठ करून घेतलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी पुन्हा बोलावलं तेव्हा मी म्हटलं, गाणं एकच घेते, पण जूनपासून आठवड्याला दोन तास द्या आणि एक बंद खोली द्या. ते म्हणाले, वेळापत्रकात बसत नाही. घोडं तिथेच पेंड खातं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कला आणि अभ्यास यांच्यातली भिंत पाडायची भाषा आहे. भिंत पाडायची तर वेळापत्रकात एक खिडकी तरी पाडा.

दूरचित्रवाणीवरच्या स्पर्धांनी आणि मोबाईलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या नाचांनी पालकांचा समज असा करून दिला आहे की नाच म्हणजे गाणं, आणि गाणं म्हणजे पंधरा दिवस. पी हळद नि हो गोरी. त्या मुलांच्या मेहनतीला मी नावं ठेवत नाही, त्यांतली कितीतरी जीव तोडून नाचतात. पण त्यांच्यामागे ज्याने वर्षानुवर्षं पाय घडवले तो माणूस पडद्यावर येत नाही, त्यामुळे तो आहे हेच घराघरांत कळत नाही. आणि मग असा शिक्षक पोट भरण्यासाठी गाणी बसवत सुटतो. लग्नाच्या संगीताची गाणी, सोसायटीच्या गणपतीची गाणी, शाळांची गाणी. माझ्या माहितीतल्या दोन उत्तम शिक्षिका अशाच संपल्या. त्यांची विद्या कुणाच्या पायात उतरली नाही, कारण कुणाचेही पाय त्यांच्यासमोर वीस दिवसांपेक्षा जास्त थांबले नाहीत.

पाय आणि जमीन यांचं नातं मला उशिरा कळलं. पहिली अकरा वर्षं मी सिमेंटच्या फरशीवर शिकवलं, घरमालकाच्या गच्चीखालच्या खोलीत. नडगीची हाडं ठणकायची. मुलींना सांगायचे, सरावाने जाईल. गेलं नाही, माझा उजवा गुडघा गेला. डॉक्टरांनी विचारलं, नाचता कशावर? त्या प्रश्नाने माझे डोळे उघडले. बिलासपूरच्या हॉलची ती लाकडी जमीन! आंटींची पोरं तासन् तास त्यावर चालायची आणि कुणी लंगडत घरी गेलेलं मला आठवत नाही.

आम्ही भनपुरीत राहतो. हे रायपूरचं लाकूड बाजाराचं गाव. बिलासपूर रस्त्याला लागून आरा मिली, दिवसभर करवतीचा आवाज, पावसाळ्यात ओल्या भुश्शाचा वास, ओंडक्यांचे ट्रक रात्री उशिरा वळतात. माझे यजमान इथल्याच एका मिलमध्ये मुनीम होते. मालकांना म्हणाले, आखूड तुकडे स्वस्तात द्या. सागवानाच्या फळ्या, कुठली चार फुटी, कुठली अडीच, मापात न बसलेल्या. सुताराने आधी फरशीवर रबराचे चौकोन ठेवले, त्यावर दीड-दीड फुटावर आडव्या पट्ट्या, आणि त्यावर फळ्या ठोकल्या, खिळ्यांची डोकी लाकडात बुडवून. वर जवसाचं तेल पाजलं. पॉलिश केलं नाही, पाय घसरतो. खाली पोकळी राहिल्याने लाकूड कणभर दबतं आणि पायाला परत उचलून देतं, आणि आवाज असा येतो की समोरच्या मिलची करवत बंद असली तर रस्त्यावर मात्रा मोजता याव्यात. दर रविवारी मी गुडघा सांभाळत हाताने ती पुसते आणि तळवा फिरवून बघते, कुठे लाकूड उचकटलं आहे का. या खोलीत माझ्या मालकीचं मौल्यवान असं तेवढंच आहे.

सध्या एकतीस मुली आहेत आणि दोन मुलगे. मराठी घरच्या मला ताई म्हणतात, बाकीच्या दीदी. छत्तीसगडी, ओडिया, बिहारी, तेलुगू, सगळ्या घरांतली. मिलमध्ये ओंडके उचलणाऱ्याची मुलगी सर्वांत चांगल्या लयीची आहे. दिवाळीत इथल्या बायकांचा सुवा नाच चालू असताना आईच्या कडेवर बसून टाळ्या ऐकल्या असतील, ती लय तिच्या हातांत आयतीच आहे. पहिल्या वर्षी मी घुंगरू देत नाही. दुसऱ्या वर्षी प्रत्येक पायात पन्नास, पुढे शंभर. दोरीत एकेक घुंगरू गाठ मारून ओवायचा, तोही मुलीनेच. एक गाठ सैल राहिली की नाचताना घुंगरू सरकून आवाज फाटतो, आणि मग ती गाठ तिने पुन्हा मारायची. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना मी मुली बसवते, पण दोन वर्षांनंतर.

शाळांच्या संचालकांना माझं मागणं आहे की नाच शिकवणाऱ्याला गाण्यावर मोजू नका. महिन्याचा पगार द्या, वर्षभराचे तास द्या, एक खोली द्या, आणि शक्य झालं तर त्या खोलीला लाकडाची जमीन द्या. आखूड फळ्यांची चालेल. आमच्या चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळाच्या आणि गावोगावच्या मंडळांच्या कार्यकर्त्यांना विनंती आहे की गणपतीच्या कार्यक्रमात एक संध्याकाळ फक्त शिकणाऱ्या मुलांच्या तत्काराला द्या, पोशाखाशिवाय, गाण्याशिवाय. लोक ऐकतील. सतरंजीवर बसलेल्या त्या आईने ऐकलं.

ती आई निघताना म्हणाली, "ताई, गाणं राहू द्या. ती टाच तेवढी बघा." तिची लेक अजून येते. आता टाच आधी पडत नाही.

आमचा वर्ग सोमवार ते शनिवार, संध्याकाळी साडेपाचला भरतो. मुलगी सात वर्षांची झाली असेल तर घेऊन या, मुलगा असेल तरी आणा. पंधरा मिनिटं बसा, डोळे मिटून ऐका, आणि मग दोन वर्षं मला गाण्याचं विचारू नका.